विश्लेषण : स्थानिक संस्थांतील रिक्त जागा, मुदत घटनेत, अंमलबजावणी सरकारच्या हाती

रायपूर : स्थानिक स्वराज्य संस्थांतील लोकप्रतिनिधींची जागा किती काळ रिकामी राहू शकते, याला राज्यघटनेने मर्यादा घातली आहे. ती मर्यादा ओलांडणाऱ्यावर आपोआप होणाऱ्या कारवाईची तरतूद मात्र घटनेत नाही. छत्तीसगडची राजधानी आणि शेजारचा महाराष्ट्र या दोन्हींच्या अनुभवातून हीच त्रुटी समोर येते.

रायपूर महापालिकेच्या मागील सभागृहाची मुदत जानेवारी 2025 च्या पहिल्या आठवड्यात संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. बूढातलावाकाठची बूढापारा ही जुनी वस्ती धरणे-आंदोलनांसाठी अनेक वर्षे ओळखली जात होती. तेथील रहिवाशांनाही शहरातील इतर 69 प्रभागांप्रमाणेच गटार, पाणी आणि सफाईच्या तक्रारींसाठी नगरसेवकाऐवजी अधिकाऱ्यांचे दार गाठावे लागले. 11 फेब्रुवारी रोजी मतदान आणि 15 फेब्रुवारी रोजी मतमोजणी झाली. मीनल चौबे महापौरपदी निवडून आल्या. म्हणजे निकाल लागेपर्यंतची पोकळी सुमारे दीड महिन्याची होती.

हा काळ अल्प वाटला तरी तो घटनेच्या चौकटीत बसत नाही. अनुच्छेद 243-यू नुसार नगरपालिकेची मुदत पाच वर्षांची असून ती संपण्यापूर्वीच निवडणूक पूर्ण होणे बंधनकारक आहे. सहा महिन्यांची सवलत मिळते ती संस्था मुदतीपूर्वी बरखास्त झाल्यास. 2006 मधील किशनसिंग तोमर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा नियम काटेकोरपणे पाळण्यास सांगितले होते.

छत्तीसगडमध्ये निवडणुकीच्या तोंडावरच नियम बदलले गेले. 2019 मध्ये काँग्रेस सरकारने महापौरांची निवड नगरसेवकांकडे सोपवली होती. 2024 च्या अखेरीस भाजप सरकारने ती पुन्हा थेट जनतेकडे दिली. ओबीसी आरक्षणाची फेरमांडणीही त्याच सुमारास झाली. निवडणूक घेण्याचे काम राज्य निवडणूक आयोगाचे असले, तरी आरक्षणाचे कायदे आणि बहुतेक ठिकाणी प्रभागरचनेची सूत्रे सरकारकडे असतात. विलंबाचे मूळ या विभागणीत आहे.

महाराष्ट्रात हाच विलंब वर्षांनी मोजावा लागला. मुंबई महापालिकेची मुदत 7 मार्च 2022 रोजी संपली. नवे नगरसेवक निवडून आले ते 15 जानेवारी 2026 च्या मतदानानंतर. छत्रपती संभाजीनगर महापालिकेत प्रशासकीय राजवट एप्रिल 2020 पासून होती; सभागृहाच्या संपूर्ण कार्यकाळापेक्षाही ती लांबली. दरम्यान मुंबईतील प्रभागांची संख्या 227 वरून 236 करण्यात आली आणि सत्तांतरानंतर पुन्हा 227 वर आणण्यात आली. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात होता हे खरे. परंतु सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्येच निवडणुका रोखून धरता येणार नाहीत, असे बजावले होते. अखेर 6 मे 2025 च्या आदेशाने प्रक्रिया सुरू झाली आणि चार महिन्यांची मुदतही पुढे 31 जानेवारी 2026 पर्यंत वाढवून द्यावी लागली.

न्यायालयाचा निर्णय आला म्हणजे जागा लवकर भरता येत नाहीत, असेही नाही. मार्च 2021 मध्ये विकास गवळी प्रकरणातील निकालाने पन्नास टक्क्यांवरील आरक्षण रद्द झाले. त्यामुळे नागपूर, अकोला, वाशिम, धुळे आणि नंदुरबार येथील जिल्हा परिषदांच्या व त्यांच्या अखत्यारीतील पंचायत समित्यांच्या अनेक जागा रिक्त झाल्या. करोनामुळे पोटनिवडणूक एकदा पुढे ढकलावी लागली. तरीही त्याच वर्षी 5 ऑक्टोबर रोजी या जागांसाठी मतदान झाले. साथीच्या काळात सात महिन्यांत जे शक्य झाले, ते नंतर चार वर्षे अशक्य ठरले.

या काळात हानी होते ती उत्तरदायित्वाची. प्रशासक रस्ते बांधतो, पाणीही पुरवतो. मात्र अंदाजपत्रक मांडणारा, मंजूर करणारा आणि खर्च करणारा अधिकारी एकच असतो. स्थायी समितीत प्रश्न विचारणारे कोणी उरत नाही. नामनिर्देशित सदस्य ही उणीव भरून काढू शकत नाहीत, कारण नगरपालिकांमधील विशेष ज्ञानाच्या आधारे नेमलेल्या अशा सदस्यांना घटनेनेच मतदानाचा अधिकार दिलेला नाही. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव असलेले प्रतिनिधित्वही त्या काळापुरते संपुष्टात येते.

उपाय फार दूरचे नाहीत. मुदत संपण्यापूर्वी ठरावीक काळ प्रभागसंख्या आणि निवडपद्धती बदलण्यास कायद्याने मनाई करणे, प्रभागरचना व आरक्षण सोडतीची जबाबदारी राज्य निवडणूक आयोगाकडे देणे आणि प्रशासकाच्या कार्यकाळाला निश्चित सीमा घालणे, या तीन सुधारणा राज्यांच्या विधिमंडळांना करता येतील. अडचण इतकीच की, प्रशासकामार्फत महापालिकेवर नियंत्रण ठेवण्याची सोय ज्यांना लाभते, त्याच सरकारांनी ती स्वतःहून सोडायची आहे. रायपूरच्या विद्यमान सभागृहाची मुदत 2030 मध्ये संपेल, मुंबईची त्यानंतर वर्षभराने. घटनेतील कालमर्यादा पाळली जाते की पुन्हा न्यायालयाचे दार ठोठवावे लागते, याची कसोटी तेव्हा लागेल.