आधी अळी मोजा, मग औषध आणा

हरभऱ्याला घाटे धरू लागले, की सेनगाव असो वा वसमत, कृषी केंद्रापुढे गर्दी होते. शेजाऱ्याने फवारले म्हणून आपणही फवारायचे, तेही उधारीवर! सुगीला वही उघडली, की मालाचे पैसे औषधातच जिरलेले दिसतात.

एका मीटर ओळीत १ ते २ घाटेअळ्या आढळल्याशिवाय फवारणी परवडत नाही. त्याआधी केलेला खर्च वाचलेल्या घाट्यांपेक्षा महाग पडतो. शिवाय विषारी औषध अळी खाणारे मित्रकीटकही मारते; म्हणजे पुढची फवारणी आपणच ओढवून घेतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात तर फवारणीच्या विषबाधेने माणसे गेली.

रानात पक्ष्यांना बसायला काठ्या रोवा. साळुंकी, कोतवाल मजुरी मागत नाहीत. ५ किलो वाळल्या निंबोळीचा अर्क १०० लिटर पाण्याला पुरतो. मात्र तो अळी लहान असतानाच चालतो. अळ्या वाढल्याच, तर औषध घ्यावेच लागेल.

निंबोळ्या मात्र दर पावसाळ्यात गावोगाव पायदळी कुजतात. सरपंचांनी त्या जूनमध्येच वेचून, वाळवून ठेवाव्यात. शेतकऱ्याच्या उधारीची एक ओळ तरी कमी होईल.