आशाताईंच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न आणखी हवा

सातारा-सांगलीच्या गावांतून आशाताई घरोघरी जाऊन ‘सीबॅक’चा, म्हणजे आजारांच्या प्राथमिक चाचपणीचा, फॉर्म भरतात. तिशीपुढच्या प्रत्येकाची तंबाखू, दारू, कमरेचा घेर, घरात कुणाला साखर किंवा रक्तदाब आहे का, हे सगळं त्यात येतं. साठी ओलांडलेल्यांना काही जादा प्रश्न आहेत आणि त्यांतला एक स्मरणाचा आहे: जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? सरकारी फॉर्मला म्हाताऱ्या माणसाच्या स्मरणाची आठवण झाली हे चांगलंच. पण हा प्रश्न फार उशिराचा आहे. अल्झायमरमुळे लेकाचं नाव आणि घराचा पत्ता जायला लागला, तर तो आजार बहुधा कित्येक वर्षांचा जुना असतो. शिवाय त्या माणसाला या प्रश्नाचं खरं उत्तर देता येईलच असंही नसतं.

अल्झायमरमध्ये मेंदूतले बदल लक्षणं दिसण्याच्या 15-20 वर्षं आधीच सुरू होतात. या मोठ्या काळात एक टप्पा असा येतो की चाचणीत गुण नीट पडतात, घरच्यांना काही वेगळं जाणवत नाही, आणि त्या माणसाला मात्र आतून कळत असतं की पूर्वीसारखं राहिलेलं नाही. दूध डेअरीचा आठवड्याचा हिशोब तोंडावर असणारी बाई आता वहीत लिहून ठेवते. वही बघणाऱ्याला हिशोब बरोबरच दिसतो. त्यासाठी किती वेळा मागची पानं उलटावी लागतात, ते तिचं तिलाच ठाऊक. ‘हल्ली ध्यानात राहीना झालंय,’ असं ती एकदा-दोनदा बोलून दाखवते. त्यावर घरातलं उत्तर ठरलेलं असतं: वय झालं, चालायचंच. साठी बुद्धी नाठी म्हणून हसण्यावारी नेलं, की ती पुन्हा तो विषय काढत नाही.

जर्मनीतले फ्रँक येसेन आणि त्यांच्याबरोबरच्या अनेक देशांतल्या संशोधकांनी 2014 साली या स्वतःला जाणवणाऱ्या घसरणीची चौकट मांडली. त्याच सुमारास अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा अशी तक्रार करणाऱ्यांना पुढे डिमेन्शिया, म्हणजे अल्झायमरसारख्या आजारांतला स्मृतिभ्रंश, होण्याचा धोका इतरांच्या दुपटीच्या घरात निघाला. धास्ती घेऊ नये, कारण त्यांतल्या बहुतेकांना तो होत नाही. चष्मा कुठे ठेवला ते आठवेना, एवढ्यावरून काही ठरत नाही. तक्रार साठीनंतरची आहे, गेल्या पाचेक वर्षांत सुरू झाली आहे, बरोबरीच्यांपेक्षा आपलं जास्त बिघडलंय असं वाटतं, त्याची काळजी लागून राहिली आहे आणि जवळचं माणूसही तेच सांगतं, असं असेल तर मात्र डॉक्टरांकडे जायला हवं. पुढे आजार वाढला की अनेकांची ही जाणीवच जाते. मग घरच्यांना सगळं दिसत असतं आणि तो माणूस ‘मला काय झालंय?’ म्हणून चिडतो. ‘अस्तु’ सिनेमात मोहन आगाशे यांनी उभे केलेले शास्त्री आपल्याला आठवतात, ते त्या पुढच्या अवस्थेतले. आजाराची आपली ओळख तिथूनच सुरू होते, हीच अडचण आहे.

या दोन जिल्ह्यांत ती जास्त बोचते. इथली तरुण पिढी मुंबईच्या माथाडी कामापासून पुण्याच्या आयटी कंपन्यांपर्यंत पांगलेली, आणि म्हातारी माणसं गावात. लेकाला आई भेटते ती फोनवर. भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना, म्हणजे शंभरातल्या सातांहून अधिक जणांना, डिमेन्शिया असल्याचा अंदाज ‘लासी-डॅड’ या देशव्यापी अभ्यासातून 2023 साली पुढे आला. प्रमाण शहरापेक्षा खेड्यात, पुरुषांपेक्षा बायकांत आणि शाळा न पाहिलेल्यांत जास्त. माण, जत, आटपाडीकडच्या सत्तरीतल्या किती बायकांना शाळा मिळाली होती?

औषधानं बरा होत नाही तर आधी कळून काय करायचं, असं विचारलं जातं. एक तर विसरण्यामागे बी-12ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य किंवा झोपेच्या गोळ्याही असू शकतात, आणि त्यांवर इलाज आहे. दुसरं, ‘लॅन्सेट’च्या आयोगानं 2024 साली 14 टाळता येण्याजोगी कारणं दिली आणि ती सगळी दूर झाली तर सुमारे 45 टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकेल असं म्हटलं. ऐकू कमी येणं, वाढलेलं कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, एकटेपणा ही त्यांतलीच. कानाच्या यंत्राला ‘आता कशाला खर्च’ म्हणणाऱ्या घरांनी ही यादी एकदा पाहावी. आणि माणूस सावध असतानाच शेताचे, बँकेचे, औषधोपचाराचे निर्णय त्याच्या स्वतःच्या मर्जीनं होऊ शकतात. नंतर ते दुसरेच कुणीतरी घेतात.

म्हणून फॉर्ममध्ये एक प्रश्न वाढवा: गेल्या काही वर्षांत तुमची तुम्हाला आठवण कमी झाल्यासारखी वाटते का, आणि त्याची काळजी वाटते का? या वाढीव कामाचा मोबदला आशाताईंना द्या. फुकटच्या ओझ्यावर आणखी एक ओळ नको. उत्तर ‘हो’ आलं तर पुढे कुठे पाठवायचं तेही ठरवून द्या. मिरजेत 1962 पासूनचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, साताऱ्यालाही आता झालं आहे. आठवड्यातला एक दिवस तिथे स्मरणाच्या तपासणीसाठी राखणं अवघड नाही.

फॉर्म बदलेपर्यंत घरच्यांनी थांबू नये. आई फोनवर ‘ध्यानात राहीना’ म्हणाली, तर कधीपासून, कशाकशात, हे तिला शांतपणे विचारा, लिहून ठेवा, आणि पुढच्या खेपेला गावी गेलात की तिला डॉक्टरांकडे घेऊन जा.