गोल सळई आणि सपाट जबडा

इकडे ज्याला बांक म्हणतात त्या शेगड्यात बारीक गोल सळई धरून भोक पाडू लागावे, तर ती फिरते. मग दांडा अधिकच आवळला जातो. आमच्या मते उणीव बळाची नसून आधाराची असते. सपाट जबडा वर्तुळास स्पर्शरेषेप्रमाणे एकाच जागी टेकतो. दोहोंचे आधार दोनच. एका जबड्यास ९० अंशांची खाच असली की ते तीन होतात. मात्र खाच उथळ हवी. नाही तर सळई तीत बुडते व समोरचा जबडा तिला शिवतही नाही.

देवास गेटाकडचा कारागीर हे हातानेच जाणतो. स्पर्शरेषेचे प्रमेय घोकणारी आमची मुले तिकडे डोकावतही नाहीत. हात काळे होतील ना! १९१० साली किर्लोस्करवाडी वसविणारे लक्ष्मणराव आधी ड्रॉइंगचे शिक्षकच होते. भूमितीच्या तासाला वर्गात एक शेगडा असावा, एवढेच आमचे मागणे आहे.