थर मोजता, तसं थांबायचं अंतरही मोजा

दहीहंडी समन्वय समितीच्या पदाधिकाऱ्यांस,


किती थरांना किती लाख, हा हिशेब तुम्हाला तोंडपाठ आहे. आज दुसरा एक मांडतो. कोसळण्याच्या उंचीला डोकं थांबायला मिळालेल्या अंतराने भागा. गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट धक्का डोक्याला बसतो. ढोबळ आहे, पण डोळे उघडायला पुरे. 20 फूट म्हणजे साधारण 6 मीटर. डांबरावर डोकं 6 मिलिमीटरमध्ये थांबलं, तर हजार पट. जाड मॅटमध्ये 20 सेंटिमीटर रुतलं, तर तीस पट.

म्हणून नुसते हेल्मेट वाटल्याचे फोटो पाहून माझं समाधान होत नाही. हेल्मेटच्या आतला थर्माकोल चेपतो आणि दोन-तीन सेंटिमीटर मिळवून देतो. 20 फुटांवरून पडणाऱ्याला तरी दोनशे पट धक्का उरतोच. डोक्याला गरकन हिसका बसला, तर कवटी शाबूत राहूनही आत मेंदू पिळवटतो. शिवाय टणक हेल्मेट खालच्या थरातल्याच्या टाळक्यात बसतं, ते वेगळंच. कॅटलोनियात असेच मानवी मनोरे रचतात. तिथे 2006 मध्ये मातारोच्या पथकातली 12 वर्षांची मुलगी पडून दगावली. पुढे वर चढणाऱ्या मुलांसाठी हेल्मेट आलं, तेही मऊ. कारण खाली माणसंच असतात.

आपल्याकडे कोर्टकचेरी झाली ती उंचीवर आणि वयावर. 14 वर्षांखालची मुलं थरांत नकोत हे 2017 मध्ये ठरलं, 2022 मध्ये साहसी खेळाचा दर्जाही मिळाला. हंडीखाली रस्त्यावर काय अंथरलंय, हे प्रत्यक्षात मात्र आयोजकाच्या मर्जीवर.

आणखी एक. पडलेला पोरगा उठतो, पाणी पितो, 'काय नाय झालं' म्हणत पुढच्या हंडीला निघतो. कानशिलाचं हाड पातळ असतं आणि त्याला आतून चिकटून एक धमनी जाते. हाड तडकून ती फाटली, तरी माणूस काही वेळा तास-दोन तास नीट बोलत राहतो. रक्त साचून मेंदू दाबला गेला की मग उलटी, झोप, बेशुद्धी. तोवर पथकाचा ट्रक दादरहून ठाण्याला पोचलेला असतो.

तेव्हा मॅट आणि वरच्याला दोर नसेल तिथे सलामी द्यायची नाही, असं पथकांनाच सांगा. डोक्यावर पडलेला त्या दिवशी पुन्हा चढणार नाही. त्याला थेट इस्पितळात न्यायचं. सरावाचे नारळ फुटण्याआधी हे ठरवाल का, ते जाहीर कळवा.

आपला,
एक जुना गोविंदा