आंबेडकर आणि आमच्याकडचे खोत

बाबासाहेब आंबेडकर म्हटलं की आपल्याला कोलंबिया, लंडन, घटना समिती वगैरे आठवतं. रत्नागिरीकर त्यात एवढीच भर घालतात की मूळ गाव आंबडवे, म्हणजे आपल्या मंडणगड तालुक्यातलं, आणि रमाबाई दापोलीजवळच्या वणंदच्या. अभिमान ठीक आहे हो. पण माझं म्हणणं असं की त्यांचा लोकशाहीचा विचार नीट समजून घ्यायचा असेल तर आधी खोती समजून घ्यायला हवी.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: खोत सरकारला ठरलेला सारा भरायचा आणि कुळांकडून स्वतः वसुली करायचा. कधी थेट पिकातला वाटा, वर वेठबिगार. कुळाच्या लेखी सरकार म्हणजे खोतच. अशा माणसाला उद्या मताचा हक्क दिलात, तरी तो मत कोणाच्या तोंडाकडे बघून देईल? (१९३७ च्या निवडणुकीत तर तो हक्कही सगळ्यांना नव्हता.)

आंबेडकर १९२९ साली चिपळूणच्या शेतकरी परिषदेचे अध्यक्ष होते. पुढे १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. त्यातल्या तरतुदी बघा: खोताला वाजवी भरपाई, आणि प्रत्यक्ष जमीन कसणारा थेट सरकारचा खातेदार. राग खोत नावाच्या माणसावर नाही, मधल्या पायरीवर आहे. आमच्या धंद्याच्या भाषेत, पॅच मारला नाही, मधला थरच काढून टाकला.

आमचं घर खोतांचं. "जमीन कूळकायद्यात गेली" हे वाक्य ऐकतच मी मोठा झालो. (खरं तर कूळकायदा १९४८ चा, खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ चा, पण आमच्याकडे दोन्ही एकाच शिवीत बसतात.) भरपाईबद्दल मात्र घरात कोणी अवाक्षर काढलं नाही. जमीन मुळात कोण कसत होतं, याबद्दल तर नाहीच.

असो. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधानसभेवर गेला. विधेयक काही मंजूर झालं नाही. गंमत म्हणजे तेव्हा प्रांताचे पंतप्रधान होते बाळ गंगाधर खेर, जन्माने रत्नागिरीचेच. आणि खोती गेली तीही खेरांच्याच सरकारच्या कायद्याने, पण मध्ये एक तप गेलं! बारा वर्षं म्हणजे कुळाच्या बारा सुग्या, हा हिशेब कोणी मांडत नाही.

त्याच १९४९ च्या २५ नोव्हेंबरला आंबेडकर घटना समितीत म्हणाले की राजकारणात समता आणि समाजात, अर्थकारणात विषमता, अशा विसंगतीत आपण शिरतो आहोत. हे भाषण आपण सुभाषितासारखं वापरतो. माझ्या डोळ्यांसमोर मात्र खोताच्या अंगणात भात आणून ओतणारं कूळ येतं. भाषण वाचाच, पण त्याआधी ते १९३७ चं विधेयक वाचा. त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या दुसऱ्या खंडात आहे.