मग पुढें काय झालें ?

गोष्ट संपली, राजा-राणी सुखानें नांदूं लागलीं, आणि आजीनें नातवंडांचीं पांघरुणें सारखीं केलीं, कीं अंधारांतून प्रश्न यावयाचाच : "मग पुढें काय झालें ?" सुखानें नांदूं लागलीं एवढ्यानें मुलांचें समाधान होत नाहीं. मोठीं माणसेंही याच जातीचीं असतात. फरक इतकाच, कीं तीं हा प्रश्न आजीस न विचारतां नाटकवाल्यांस आणि चित्रपटवाल्यांस विचारतात, आणि उत्तराची वाट वीस-वीस वर्षें पाहतात.

मराठी रसिकांस हीं उत्तरें अलीकडे वरचेवर मिळूं लागलीं आहेत. श्री. महेश कोठारे यांच्या १९९३ च्या 'झपाटलेला' या चित्रपटाचा उत्तरभाग २०१३ सालीं निघाला. परंतु ज्याच्या अभिनयावर पहिल्या भागांतील हास्य उभें होतें, तो लक्ष्मीकांत बेर्डे हा गुणी नट १६ डिसेंबर २००४ रोजींच निवर्तला होता. १९९८ सालीं रंगभूमीवर आलेल्या 'एका लग्नाची गोष्ट' या नाटकाची 'पुढची गोष्ट' २०१८ सालीं आली, आणि तींत प्रशांत दामले व कविता लाड हीं पूर्वींचींच दोघें होतीं. त्यानंतर २० सप्टेंबर २०२४ रोजीं श्री. सचिन पिळगांवकर यांचा 'नवरा माझा नवसाचा २' पडद्यावर आला. पहिल्या चित्रपटास तोंवर जवळजवळ दोन दशकें लोटलीं होतीं.

त्या पहिल्या चित्रपटाची कथा ज्यांस ठाऊक नाहीं असें मराठी घर क्वचितच सांपडेल. बापानें बोललेला विलक्षण नवस, तो फेडण्यासाठीं पतीस गणपतीपुळ्यास घेऊन निघालेली भाविक पत्नी, एस्.टी.ची ती मोटार, तींतील नाना परींचे उतारू, आणि त्या सर्वांवर हुकमत गाजविणारे अशोक सराफ यांचे कंडक्टर. दुसऱ्या भागांत एस्.टी.ऐवजीं कोंकण रेल्वे आली, कंडक्टरांच्या जागीं तिकीट तपासनीस आले, जोडप्याची मुलगी लग्नाच्या वयाची झाली, आणि स्वप्नील जोशी व हेमल इंगळे या पुढल्या पिढीच्या जोडीवर कथेचा भार पडला. चित्रपट लागला तो नेमका गणेशोत्सव संपून पितृपंधरवडा सुरू झाल्यावर. नव्या कार्यास हे दिवस चांगले नव्हेत असें आमच्या घरांतून मानतात. परंतु गेलेल्यांची आठवण काढण्यास याहून योग्य दिवस कोणते? उत्तरभाग पाहावयास जाणें हा त्याच प्रकारचा विधि आहे, हें पुढें सांगावयाचें आहे.

चित्रपट पाहून परतलेल्या मंडळींचे अभिप्राय आम्हीं ऐकले, ते तीन प्रकारचे होते. पहिल्या प्रकारच्या मंडळींस सारेंच गोड लागलें. अशोक सराफ पडद्यावर दिसले, एवढ्यानेंच त्यांचे पैसे वसूल झाले. १९४७ सालीं जन्मलेला हा नट अजून उभ्या उभ्या हसवितो, याचेंच त्यांस अपरूप. दुसऱ्या प्रकारचीं माणसें मध्यंतरांतच एकमेकांकडे पाहून मान हलवूं लागलीं : "पहिल्याची सर नाहीं !" आणि तिसरा वर्ग तरुणांचा. पहिला चित्रपट थिएटरांत लागला तेव्हां हीं मुलें एक तर जन्मलीं नव्हतीं, नाहीं तर मांडीवर होतीं. त्यांनीं तो पाहिला तो घरच्या दूरचित्रवाणीवर, सुटीच्या दुपारीं, जेवणाचें ताट पुढें घेऊन. तोही तुकड्यातुकड्यांनीं, परंतु इतके वेळां, कीं त्यांतील संवाद त्यांस तोंडपाठ आहेत. हीं मुलें मोकळेपणानें हसलीं, आणि घरीं येतांना वडील मंडळींचीं तोंडें पाहून गप्प बसलीं.

आमचें लक्ष या गप्प बसण्याकडे वेधलें. त्याविषयीं लिहिण्यापूर्वीं वाचकांस थोडें आमगांवास न्यावयाचें आहे.

हावड्याहून नागपूर-मुंबईकडे येणारी गाडी महाराष्ट्रांत शिरते, तेव्हां गोंदिया येण्यापूर्वीं आमगांव लागतें. धानाचीं बांध्या-बांध्यांचीं शेतें, तळीं, एका अंगास मध्यप्रदेश आणि दुसऱ्या अंगास छत्तीसगड. घरांत मराठी, शेतांत पोवारी किंवा झाडीबोली, बाजारांत हिंदी, असा येथील भाषेचा संसार. या गांवास लागून पदमपूर आहे. महाकवि भवभूतीचें पद्मपूर तें हेंच, असें महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं प्रतिपादिलें, आणि आमगांवच्या महाविद्यालयानें त्या कवीचेंच नांव धारण केलें आहे.

एका विनोदी चित्रपटाच्या गोष्टींत हा करुणरसाचा कवि कशाला, असें कोणी म्हणेल. ज्याच्या तिन्ही नाटकांत विदूषकास प्रवेश नाहीं, त्याचा या विषयाशीं संबंध तो काय ? संबंध असा, कीं उत्तरभाग कसा लिहावा हें आमच्याकडे ज्यानें दाखविलें, तो हाच पुरुष. आठव्या शतकांतील या कवीनें 'महावीरचरितां'त रामाच्या पूर्वायुष्याची कथा राज्याभिषेकापर्यंत आणिली. प्रेक्षक सुखानें घरीं जावे असा तो शेवट. त्यानंतर त्यानें "मग पुढें काय झालें ?" या प्रश्नास हात घातला, आणि 'उत्तररामचरित' लिहिलें.

त्याचें कौशल्य कशांत आहे तें पाहा. पहिल्या अंकांत राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच गत आयुष्याचीं चित्रें पाहत आहेत. मिथिलेंतला विवाह, वनवास, पंचवटी, एकेक चित्र पुढें येतें आणि तीं तिघें आपल्या सरलेल्या दिवसांविषयीं बोलतात. प्रेक्षकांस जुन्या कथेची आठवण करून देण्याची ही युक्ति. आजचे चित्रपटवाले हेंच करतात. जुना नट, जुना नवस, जुन्या गाण्याची लकेर दिसली, कीं थिएटरांत शिट्ट्या वाजतात. हें त्यांचें चित्रदर्शनच होय. परंतु भवभूति तेथें थांबत नाहीं. चित्रें पाहून दमलेली सीता रामाच्या बाहूवर डोकें ठेवून झोपी जाते न जाते, तोंच लोकापवादाची वार्ता येते. आणि पहिला अंक संपून दुसरा सुरू होतो, तेव्हां मध्यें बारा वर्षें उलटून गेलेलीं असतात. त्या बारा वर्षांनीं मनुष्यांचें काय केलें, हाच पुढील सहा अंकांचा विषय.

शेवटच्या अंकांत तर नाटकांतच नाटक आहे. वाल्मीकींनीं रचलेला प्रयोग अप्सरा करून दाखवीत आहेत, आणि तो पाहावयास प्रत्यक्ष राम बसला आहे. समोर चालली आहे ती त्याच्याच संसाराची पुढची गोष्ट. हें नाटक आहे याचें भान त्यास राहत नाहीं. तो मध्येंच बोलूं लागतो, लक्ष्मण त्यास आवरतो, आणि अखेर तो मूर्च्छित पडतो. उत्तरभाग पाहणाऱ्या प्रेक्षकाचें याहून खरें चित्र आमच्या पाहण्यांत नाहीं. आपण पडद्यावर दुसऱ्यांची कथा पाहावयास जातों, आणि पाहतों मात्र स्वतःस. वीस वर्षांपूर्वीं तो पहिला चित्रपट पाहतांना आपल्या शेजारीं कोण बसलें होतें, तेव्हां आपलें घर किती भरलेलें होतें, हें सारें त्या अडीच तासांत मनांत उभें राहतें. "पहिल्याची सर नाहीं" असें जेव्हां एखादे गृहस्थ म्हणतात, तेव्हां त्यांत चित्रपटावरील टीका किती आणि स्वतःच्या सरलेल्या वर्षांविषयींची हळहळ किती, याचा हिशेब त्यांचा त्यांनाही लागत नाहीं.

शिवाय ही तुलना न्यायाची नाहीं. पहिला चित्रपट आपण वीस वेळां पाहिलेला असतो. त्यांतील विनोद घरच्या बोलण्यांत मुरले, सुनेनें सासूस आणि भावानें बहिणीस ऐकविले, आणि मुरलेल्या लोणच्याप्रमाणें त्यांस चव आली. नव्या चित्रपटाची परीक्षा मात्र आपण एकाच बैठकींत आटोपतों. सकाळीं घातलेलें लोणचें दुपारीं चाखून, गेल्या वर्षींच्या बरणीसारखें लागत नाहीं म्हणून नाक मुरडावें, तसला हा प्रकार झाला.

याचा अर्थ चित्रपटकर्त्यांस आम्ही सूट देतों असा कोणी करूं नये. 'नवरा माझा नवसाचा २' मध्यें चित्रदर्शन भरपूर आहे. दुसऱ्या अंकाची मात्र उणीव आहे. नवसापायीं एके काळीं भांडलेलीं दोघें आतां उपवर मुलीचे आईबाप झालीं. या वर्षांत तिची श्रद्धा कशी पालटली, त्याचा अवखळपणा कोठें गेला, मुलीच्या संसाराकडे पाहतांना त्यांस स्वतःचें काय आठवतें, हें सांगण्यास कथेंत मुबलक जागा होती, आणि सचिन व सुप्रिया हीं प्रत्यक्ष आयुष्यांतही १९८५ पासूनचीं पतिपत्नी असल्यामुळें तें सांगण्याचा अधिकारही त्यांस होता. हसविण्याच्या घाईंत तें राहून गेलें. विनोदी कथेस काळाचा स्पर्श सोसत नाहीं असें मानण्याचें कारण नाहीं. आपल्याच पिकल्या केसांवर हसणारें जोडपें ज्या घरांत आहे, तें घर सुखी असतें.

उत्तरभागाची मागणी ही नुसती हौस नसते, हेंही येथें सांगितलें पाहिजे. रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका ३१ जुलै १९८८ रोजीं संपली, तेव्हां उत्तरकांड वगळूं नये म्हणून पंजाबांत वाल्मीकि समाजाच्या सफाई कामगारांनीं संप केला. कारण ज्या कांडांत त्यांचे वाल्मीकि स्वतः सीतेस आश्रय देतात, तेंच गाळलें जात होतें. त्यानंतर 'उत्तर रामायण' निघालें, आणि त्यांत कुशाचें काम करणारा बालनट होता स्वप्नील जोशी. तोच आतां दुसऱ्या एका उत्तरभागांत जांवई होऊं पाहणाऱ्या तरुणाच्या वेषांत आला. आपापल्या गोष्टीची पुढची बाजू ऐकण्याची भूक अशी कोठूनही उठते.

आतां त्या गप्प बसलेल्या मुलांकडे वळूं. आमगांवासारख्या सरहद्दीवरच्या गांवीं हा प्रश्न अधिकच जिव्हाळ्याचा आहे. दिवाळीनंतर गांवोगांवच्या मंडईंत झाडीपट्टीचीं नाटकें रात्र-रात्र रंगतात. आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारें घर एकाच मांडवांत बसून हसतें व रडतें. कालप्रियनाथाच्या यात्रेंत भवभूतीचे प्रयोग झाले, तेही अशाच गर्दीपुढें झाले असले पाहिजेत. परंतु मंडईचे दिवस सरले, कीं घरांतील प्रत्येक जण आपापल्या हातांतील मोबाईलमध्यें शिरतो. आजोबांचें हसें निराळें आणि नातीचें निराळें. बाजारांत हिंदी चित्रपटाचा बोलबाला असतांना तीन पिढ्यांनीं शेजारीं शेजारीं बसून आपल्या भाषेंतील एकाच वाक्यास हसावें, असे प्रसंग वर्षांतून किती येतात ? तसा एक प्रसंग आला, सारीं गोंदियास गेलीं, मुलें पोट धरून हसलीं, आणि परततांना वडिलांनीं "यांत हसण्यासारखें काय होतें? खरी मौज पहिल्यांत होती" असें म्हटलें, कीं त्या मुलांचें हसें जागच्या जागीं विरतें. पुन्हा मराठी चित्रपटास चला म्हटलें, तर तीं अभ्यासाचें निमित्त काढतात. एका चित्रपटाचें यश-अपयश त्यापुढें कांहींच नाहीं. घरांतील एक समाईक ठेवा कायमचा उणा होतो.

म्हणून वडील मंडळींस आमचें सांगणें इतकेंच, कीं टीका अवश्य करावी, परंतु ती चित्रपटावर करावी, मुलांच्या हसण्यावर करूं नये. पहिला चित्रपट तुम्हांस जितका प्रिय आहे, तितकाच हा दुसरा त्यांस आणखी वीस वर्षांनीं प्रिय होईल. कारण तो पाहतांना शेजारीं तुम्ही होतां. त्यांचा पहिला तो हाच. भवभूतीसही त्याच्या काळच्या कांहीं जाणत्यांनीं हिणविलें होतें, आणि त्यानें आपली भिस्त पुढें जन्मणाऱ्या समानधर्म्यावर ठेविली. मुलांचा कौल कोणत्या बाजूस पडेल, हें ठरविण्यास अजून पुष्कळ अवधि आहे. दरम्यान घरीं पोहोंचल्यावर दिवा मालवण्यापूर्वीं त्यांनाच विचारावें, कीं बाबांनो, तिसरा भाग निघाला तर त्यांत पुढें काय व्हावें ? जें उत्तर येईल, त्यांत चित्रपटापेक्षां घरच्या माणसांविषयींच अधिक ऐकावयास मिळेल.