राजीखुशीनं

रजिस्टर कचेरीच्या बाकावर आमच्या नणंदबाई बसल्या होत्या. अंगावर आदल्या दिवशी आम्हीच नेसवलेली नवी साडी, मांडीवर पर्स आणि पर्सवर दोन्ही हात. दस्त कानडीत होता. आक्कांना दिलंय इचलकरंजीला. त्यांना कानडी बोलता येतं, वाचता येत नाही. दस्त लिहिणाऱ्यानं तोंडीच मराठी करून सांगितलं, "वडिलार्जित जमिनीतला माझा हक्क मी राजीखुशीनं, कुणाच्याही दबावाशिवाय भावाच्या नावे सोडत आहे. बरोबर न्हवं आक्का?" आक्का हसल्या. म्हणाल्या, "मला काय करायचीय जमीन? माझं माहेर राहिलं म्हणजे झालं." आणि सही केली.

घरी येऊन सगळ्यांनी पुरणपोळी खाल्ली. पुरण मी वाटलं होतं.

ही २०११ सालची गोष्ट. त्या एका सहीनं निपाणीजवळच्या आमच्या रानातला एकराहून जास्त ऊस आक्कांचा राहिला नाही. त्याच उसाच्या बिलातून माझ्या मुलाची कॉलेजची फी भरली गेली. म्हणजे आज मी जे लिहिते आहे ते दुसऱ्या कुणाच्या घराकडं बोट दाखवून लिहीत नाही.

कुणी आक्कांवर दबाव आणला होता का? नाही. अगदी शपथेवर सांगते, नाही. दबाव आणायची गरजच पडली नाही. ते काम चाळीस वर्षं आधी, चुलीपुढं, तुमच्या-माझ्यासारख्या बायकांनीच करून ठेवलं होतं.

माझ्या माहेरचं सांगते. सूर्यास्ताआधी जेवायची शिस्त कडक. आधी आप्पा, मग भाऊ, मग आम्ही मुली, शेवटी आई. हिवाळ्यात दिवस लहान. कितीतरी वेळा आईचं ताट वाढून होईतो उन्हं गेलेली असायची. ती ताट तसंच पालथं घालायची आणि पाण्याचा थेंबही न घेता निजायची. कुणी तिला उपाशी ठेवलं नव्हतं. उलट सगळे कौतुकानं म्हणायचे, केवढं व्रत पाळते बघा! भावाला कधी लवकर गावाला जायचं असलं तर चूल तासभर आधी पेटायची. आईसाठी अर्धा तास आधी पेटावी असं कुणाच्या मनात आलं नाही. आईच्याही नाही, माझ्याही नाही. आम्ही मुली ते बघत होतो आणि शिकत होतो. बाईचा वाटा बुडाला तर त्याला व्रत म्हणायचं, माया म्हणायचं, संस्कार म्हणायचं. बुडाला असं म्हणायचं नाही.

मुलगी जन्माला येताना अशी येत नाही. दोन वर्षांची पोर खेळणं ओढून घेते, "माझं" म्हणून ओरडते. तिला आपण सांगतो, "दे गं, दादाला दे, तू शहाणी ना?" दादाला कुणी शहाणा व्हायला सांगत नाही. त्याला सांगतात, "मुलगा आहेस आणि रडतोस?" एकीला सोडायला शिकवायचं, दुसऱ्याला धरायला शिकवायचं, आणि पुढं म्हणायचं, बायकांचा स्वभावच मुळात त्यागी असतो हो! स्वभाव कसला? पंचवीस वर्षांची तालीम आहे ती.

आता कायद्याचं बघू. १९९४ साली कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी तोवर लग्न न झालेल्या मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क दिला. सीमेवरून आपल्याकडं इतकी भांडणं, पण या बाबतीत दोन्ही बाजूंना एकच साल! ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर मुलीला तो जन्मानं मिळाला, मग लग्न झालेलं असो वा नसो. ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, २००५ साली वडील हयात असायलाच हवेत असंही नाही. वारसाचा हा कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे. मग मुलींना जमीन मिळाली का? आपापल्या घरातला उतारा काढून बघा. कायद्यानं दिलं, हक्कसोडपत्रानं परत घेतलं.

काही जण म्हणतात, हे सगळं सरकारचं खूळ, आपल्या धर्मात नाही. त्यांनी आदिपुराण उघडावं. नवव्या शतकात आचार्य जिनसेनांनी लिहिलेला आपलाच ग्रंथ. घराच्या जबाबदारीतून मोकळा होणारा गृहस्थ थोरल्या मुलाला मिळकतीची व्यवस्था समजावून सांगतो, असा भाग त्यात आहे. एक हिस्सा धर्मकार्याला, एक घरखर्चाला, एक भावंडांत वाटायला; आणि त्या वाटणीत मुलींना मुलांच्या बरोबरीनं, सारखा भाग. अकराशे वर्षांपूर्वीचं हे. याच ग्रंथात भगवान ऋषभदेव ब्राह्मीला अक्षरं आणि सुंदरीला अंक शिकवतात. ब्राह्मी-सुंदरीची नावं आपण मुलींच्या कार्यक्रमात हौसेनं घेतो. पण सुंदरीला अंक शिकवले ते काय भावाचा हिशेब लिहायला?

आणि अपरिग्रह! वाटणीचा विषय निघाला की घरातल्या वडीलधाऱ्यांना नेमका तेव्हाच अपरिग्रह आठवतो. "कशाला हवा गं मोह? काय बरोबर न्यायचंय?" खरं आहे, कुणीच काही बरोबर नेत नाही. मग हे त्या भावाला का नाही सांगत? पाच अणुव्रतं श्रावकालाही आहेत, श्राविकेलाही आहेत. न दिलेलं घेऊ नये हे त्यांतलंच एक. "तिनं दिलं की!" असं म्हणाल. जिला नाही म्हणायला कधी शिकवलंच नाही, तिचं दिलं हे खरंच दिलं का, एवढंच मला विचारायचंय.

"लग्नात खर्च केला, तोच तिचा वाटा." मग मुलाच्या लग्नाचा खर्च त्याच्या वाट्यातून कापला का? "म्हाताऱ्या आईबापांना मुलगा सांभाळतो." मुलगा नाही हो, सून सांभाळते. सासऱ्यांची शेवटची दोन वर्षं अंथरूण मी बदललंय. सांभाळायची ती सून, तिचं नाव उताऱ्यावर नाही. जन्मली ती लेक, तिचंही नाही. आणि शेवटचं, हुकमी: "भावाबहिणीचं नातं तुटेल." हे वाक्य म्हणजेच दबाव. सही न केल्यानं जे तुटतं ते नातं होतं का सौदा?

तीन वर्षांपूर्वी इचलकरंजीतले भाऊजींचे माग बंद पडले. आक्का आल्या. दोन दिवस राहिल्या, काहीच बोलल्या नाहीत. निघताना उंबऱ्याजवळ थांबून ह्यांना म्हणाल्या, "दादा, वीस हजार असले तर बघ. दिवाळीपर्यंत परत देते." हे म्हणाले, "बिल यायचंय अजून, बघू." आक्का पटकन म्हणाल्या, "असू दे, असू दे." आणि मला जाताना वाकून नमस्कार करायला लागल्या. त्या माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या आहेत. मी त्यांचे हात धरले. त्या स्वतःच्याच रानातले पैसे उसने मागायला आल्या होत्या आणि वर त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं होतं. पैसे पुढच्या आठवड्यात पाठवले आम्ही. पण मला त्यानंतर ती पुरणपोळी सारखी आठवते.

आता माझी लेक चोवीस वर्षांची आहे. मी घरात सांगून टाकलंय, माझ्या डोळ्यांदेखत तिची सही तसल्या कागदावर होणार नाही. आक्कांचा भाग परत त्यांच्या नावावर करायचा विषयही काढलाय. चार दिवस घरात कुणी धड बोललं नाही. मुलगा म्हणाला, "आई, आत्यानं राजीखुशीनं दिलंय ना?" ह्यात त्याचा दोष नाही. त्याला वाढवलंय मीच.

मैत्रिणींनो, बहिणीनं आपणहून भावाला काही देऊ नये असं मी म्हणत नाही. द्यावं, जरूर द्यावं. पण तुमच्या घरी असा कागद तयार होईल तेव्हा सहीच्या आधी सगळ्यांच्या देखत एक प्रश्न विचारा. हिनं आज नाही म्हटलं, तर पंचमीला हिला न्यायला गाडी येईल का? हिच्या लेकराच्या लग्नात मामा उभा राहील का? भाऊ मान वर करून "हो" म्हणाला, तर खुशाल सही होऊ दे. तो जर खाली बघायला लागला, तर पेन आपल्या हातात घ्या आणि तिला घेऊन घरी या.

पुरणपोळी त्या दिवशीही करा. पहिलं पान तिचं वाढा.